न चाखलेलं स्वित्झर्लंड

स्वित्झर्लंडला मी बारा-तेरा उन्हाळे काढले आणि तिथला एक घासही खाल्ला नाही. ऐकणाऱ्याला हे खरं वाटत नाही. वाटत नसेल तर न वाटो, माझं काय जातंय!

मी आचारी. पुण्यात लग्नकार्यांचा स्वयंपाक करायचो. पन्नाशीला टेकलो तेव्हा एका टूर कंपनीच्या मालकांनी बोलावणं धाडलं. म्हणाले, आपली माणसं आल्प्स बघायला जातात खरी, पण तिसऱ्या दिवशी वरणभातासाठी रडकुंडीला येतात, तुम्ही येता का? मी म्हटलं, येतो की. मग दर उन्हाळ्यात टिटलिस डोंगराच्या पायथ्याशी एका हॉटेलच्या भटारखान्यात माझी चूल. चूल म्हणजे एका कोपऱ्यातल्या दोन शेगड्या. बाकीचा सगळा भटारखाना तिथल्या गोऱ्या आचाऱ्यांचा. ते त्यांचं करायचे, मी माझं. वर बर्फात फोटो काढून, हातपाय गारठून आपली मंडळी खाली उतरली की दारातच त्यांना माझ्या आमटीच्या फोडणीचा वास यायचा. एक आजीबाई तर ताटावर बसून घळाघळा रडल्या. म्हणाल्या, "महाराज, डोंगर काय, पोस्टातल्या कॅलेंडरवरही असतो. ही आमटी कुठे मिळायची?" ती माणसं टिटलिस विसरली असतील, माझी आमटी विसरली असतील तर मी मिशी उतरवून देतो.

ग्रुप जेवला की भांड्यात जे उरेल ते माझं जेवण. भात, उसळ, कधी पिठल्याची खरवड. शेजारच्या शेगडीवर ते लोक चीज वितळवायचे, त्याचा वास माझ्या नाकाला काही केल्या झेपायचा नाही. पण बघायचो मात्र सगळं. आचाऱ्याचे डोळे स्वस्थ बसतात होय? ते कांदा कसा तळतात, बटाटा कधी उतरवतात, साय कधी ओततात, सगळं डोळ्यांत साठवलेलं.

आता आमच्या घराण्याची एक रीत सांगायला हवी, कारण पुढचा सगळा गोंधळ तिच्यापायी झाला. आमच्यात शिजताना चाखत नाहीत. नैवेद्य दाखवल्याशिवाय जिभेला लावायचं नाही, हे वडिलांनी मला पाठीत धपाटे घालून शिकवलं. मीठ हाताला कळलं पाहिजे, नाकाला कळलं पाहिजे. पाचशे पानांची पंगत असो, चमचा तोंडाकडे गेला नाही कधी. माझी एकुलती एक मुलगी लहानपणी शाळा सुटली की थेट मुदपाकखान्यात यायची, पालथ्या पातेल्यावर बसून अभ्यास करायची. नैवेद्य झाला की पहिला घास तिचा. डोळे मिटून चावायची, मोठ्या माणसासारखी मान डोलवायची आणि म्हणायची, "बाबा, मीठ बरोबर." तिने तसं म्हटलं की मी वाढप्यांना सोडायचो. तोवर कुणाची हिंमत नव्हती पान वाढायची.

तीच मुलगी शिकून इंजिनियर झाली, न्यूझीलंडला आली. ती आणि जावई दोघेही कॉम्प्युटरमधले. सकाळी आमच्या लोअर हट गावाहून आगगाडीने वेलिंग्टनला जायचे आणि दिवेलागणीला परत यायचे. माझी बायको गेली, गुडघे कुरकुरू लागले, टूर कंपनीचं काम मी सोडलं, तेव्हा मुलीने मला इकडे आणून बसवलं. बसवलं हा शब्द अगदी बरोबर आहे. कारण स्वयंपाकघरात पाऊल टाकायची मला बंदी. पोळपाट घेतला की लाटणं काढून घ्यायची. "बाबा, तुम्ही बसा. आयुष्यभर उभे राहिलात." बसून काय करू? खिडकीतून टेकड्या बघायच्या, त्यांच्यावरून सरकणारे ढग बघायचे. लाकडी घर, बाहेर जेवढी थंडी तेवढीच आत. स्वित्झर्लंडात बर्फ होतं, पण घरात कसं उबदार असायचं. इथे घरात लोकरीची टोपी घालून बसायचं! मी जावयाला म्हटलं, ही कुठली तऱ्हा? तो म्हणाला, "बाबा, इथे एक जास्तीचा स्वेटर घालतात. स्वीट ॲज." म्हणजे सगळं झकास. हे त्याचं इथे येऊन शिकलेलं पालुपद. छत गळलं तरी स्वीट ॲज.

बसवलं त्याचं मला एवढं वाईट वाटलं नसतं. पण एकदा जवळच्या पोरिरुआ गावाहून मराठी मंडळातली मंडळी जेवायला आली. गप्पा चालल्या होत्या. एकाने विचारलं, "काका पुण्याला काय करायचे?" मी तोंड उघडणार, तेवढ्यात मुलगी घाईघाईने म्हणाली, "बाबा स्वित्झर्लंडला असायचे, हॉटेल लाइनमध्ये." आणि लगेच कोशिंबीर पुढे केली.

हॉटेल लाइन! माझी कानशिलं तापली. पाहुण्यांसमोर काय बोलणार? गिळलं. पण ते आत कुठेतरी अडकून बसलं. पोरीला बापाची लाज वाटते. आचारी हा शब्द तिच्या जिभेवर येईना. ज्या मुदपाकखान्यात बसून पाढे पाठ केले, तो तिला लपवावासा वाटतो. दिवसभर मी एकटाच घरात, दुसरा विचार सुचेल कसा?

अशातच शेजारच्या बाईंशी ओळख झाली. ऐंशीच्या पुढच्या. चणीने एवढ्याशा, पण गमबूट घालून अंगणभर फिरायच्या आणि सगळ्या जगाला दटावायच्या. एकदा वाऱ्याने त्यांचा कचऱ्याचा डबा आडवा केला, तेव्हा त्यांनी डब्याला जी शिवी हासडली ती माझ्या चांगलीच ओळखीची निघाली. आमच्या भटारखान्यातला मोठा आचारी दिवसातून पाचपन्नास वेळा तीच द्यायचा. मी कुंपणावरून ओरडलो, "ग्र्युएत्सी!" तिकडे नमस्कार म्हणायचा झाला तर असाच म्हणतात. बाईंच्या हातातला झाडू खाली पडला.

त्या दिवसापासून रोज दुपारची कॉफी त्यांच्याकडे. बाई मूळच्या स्वित्झर्लंडच्या, लग्न होऊन इकडे आलेल्या. नवरा उत्तरेकडे तारानाकीत गाई पाळायचा, म्हातारपणी दोघं मुलीजवळ इथे राहायला आली, पुढे तो वारला. कित्येक वर्षांत त्या माहेरी गेल्या नव्हत्या. मी माझ्या मोडक्या इंग्रजीत बोलायचो, मध्ये मध्ये तिकडचे शब्द पेरायचो. माझं जर्मन भटारखान्याचं, म्हणजे मीठ, गरम, लवकर, बाजूला हो गाढवा, एवढंच. पण बाईंना तेवढंही गोड लागायचं. पावाच्या दुकानातून सकाळी अजून तसाच वास येतो का, गाईंच्या गळ्यात अजून मोठाल्या घंटा बांधतात का, असं काय काय विचारायच्या. बघा कशी गंमत, त्यांच्या माहेरची खबरबात त्यांना द्यायला पुण्याचा आचारी! माझी छाती फुगायला आणखी काय हवं? एकदा बोलता बोलता म्हणून गेलो, "तुमचं जेवण ना? डोळे मिटून करीन."

आणि जुलैमध्ये, म्हणजे इथल्या ऐन हिवाळ्यात, बाई शेवाळलेल्या पायरीवरून घसरल्या. मनगट प्लॅस्टरमध्ये.

पहिला ऑगस्ट हा त्यांचा राष्ट्रीय दिवस. त्या सुमाराच्या शनिवारी इथली स्विस मंडळी एका हॉलमध्ये जमतात. जुनी खोडं असतात, नुकती आलेली तरणी जोडपी असतात, पाठीवर पिशवी टाकून देश हिंडणारी पोरंपोरीही असतात. घरची आठवण येऊन कासावीस झालेली सगळी. त्या दिवशी बाईंच्या हातची मॅकरोनी खायची, असा वर्षानुवर्षांचा रिवाज. आल्प्सवरच्या गुराख्यांचं जेवण ते. मॅकरोनी, बटाटे, साय, चीज, वरून तळलेला कांदा आणि सोबत शिजवून घोटलेलं सफरचंद. बाई प्लॅस्टरकडे बघत म्हणाल्या, "या वर्षी तुम्ही कराल? ऐंशी माणसं आहेत."

त्यांचं वाक्य पुरं व्हायच्या आत मी हो म्हटलं.

जेवताना घरी सांगितलं. मुलीने घास खाली ठेवला. "नाही बाबा."

"का?"

"ऐंशी माणसांचं? या गुडघ्यांनी? मुळीच नाही."

"अगं, पाचशे पानं उठवलीत मी!"

"तेव्हा उठवलीत. आता नाही. तुम्ही कुणाच्या शेगडीपुढे उभं राहायचं नाही, संपला विषय."

मग माझा तोल गेला. "सरळ सांग ना, लाज वाटते म्हणून! हॉलमध्ये तुझ्या ऑफिसातलं कुणी असलं तर काय, बाप आचारी निघाला. हॉटेल लाइन म्हणे! आचारी म्हणायला जीभ झडते का तुझी?"

तिचा चेहरा पांढरा पडला. उठली आणि धुतलेलीच भांडी परत धूत बसली. जावई हळूच म्हणाला, "बाबा, तसं नाहीये..." मी म्हटलं, "तुम्ही मध्ये पडू नका." त्यानंतर घरात अबोला. मीठ दे, एवढंही कुणी कुणाला म्हणेना.

तो शनिवार उजाडला तो दक्षिणेचा वारा घेऊन. पाऊस आडवा येत होता. जावयाने मराठी मंडळाची गणपतीची मोठाली पातेली कुठून तरी मिळवून गाडीत घातली आणि मला हॉलवर सोडलं. मुलगी आली नाही. खोलीचं दार लावून बसली होती. मी पण हाक मारली नाही. तिच्यात माझंच रक्त आहे, दुसरं काय!

पण पातेल्यापुढे उभा राहिलो आणि सगळं विसरलो. काय सांगू, किती दिवसांनी अंगावर वाफ आली! बाई स्टुलावर बसून हुकूम सोडत होत्या. लाल फुलांची त्यांची कुंडी हॉल सजवायला आणलेली, ती ओट्यावर होती. मी कांदा असा तळला की बाईंनी दोनदा उचलून खाल्ला. बटाटे अचूक वेळी उतरवले. सफरचंदात जराशी वेलची टाकावी असं फार मनात होतं, पण हात आवरला, म्हटलं त्यांचा सण आहे. चीजचा डोंगर किसून ठेवला होता, तो सायीत सोडला, सगळं एकत्र केलं, पातेल्याचा अंदाज घेतला आणि हाताला कळलं तेवढं मीठ घातलं. ऐंशी पानांचं मीठ. माझा हात आयुष्यात चुकलेला नाही.

बाई म्हणाल्या, "चाखा की."

"आम्ही चाखत नाही."

त्यांनी माझ्याकडे, मी वेडाच आहे असं बघितलं, डाव्या हाताने चमचा बुडवला आणि तोंडात घातला. मग त्यांचं तोंड जे झालं ते माझ्या शत्रूलाही बघायला मिळू नये.

"मीठ!" त्या त्यांच्या भाषेत किंचाळल्या. भटारखान्यातला शब्द, मला कळलाच. "चीजमध्ये मीठ असतं! तुम्हाला माहीत नाही?"

कसं माहीत असणार? बारा-तेरा उन्हाळे मी ते डोळ्यांनी बघितलं. चीजच्या पोटातलं मीठ डोळ्यांना दिसतं का? ते जिभेला दिसतं, आणि माझी जीभ त्या वाटेला कधी गेलीच नव्हती. मी तसं बाईंना सांगून टाकलं. त्यांनी चमचा खाली ठेवला. "एकदाही नाही खाल्लं? इतकी वर्षं?" मी म्हटलं, "माझी आमटी होती की."

बाहेर हॉलमध्ये कागदी कंदील लागायला लागले होते, लोक ओले कोट झटकत आत येत होते. दर्शनी बाजूला कुणी अॅकॉर्डियन वाजवायला घेतलं. आणि मी इकडे मोठ्या पातेल्यापुढे थिजलेला. मला वाटलं, पोरगी बरोबर होती. म्हाताऱ्याने खिडकीतून टेकड्या बघाव्यात. आता आख्ख्या लोअर हटला कळणार की हा कसला आचारी.

"काय झालं?"

दारात मुलगी. केसांतून पाणी निथळत होतं.

"मीठ," मी म्हटलं.

तिने पुढे काही विचारलं नाही. कोट काढला, हात धुतले, जावयाला फोन लावला. कोपऱ्यावरच्या डेअरीत, म्हणजे इथल्या वाण्याकडे, असतील नसतील तेवढे बटाटे, मॅकरोनी आणि दूध उचलून आण म्हणाली. तो ताबडतोब पोती घेऊन आला. पातेल्यातलं दोन पातेल्यांत वाटायचं आणि बिनमिठाचं घालत जायचं, दुसरा इलाज नाही. आम्ही दोघं समोरासमोर बसून बटाटे सोलायला लागलो. तिचा हात अजून तसाच चालतो, साल कागदासारखं पातळ निघतं.

खाली मान घालूनच ती म्हणाली, "लाज वाटते म्हणालात."

"मग हॉटेल लाइन का म्हणालीस?"

"अहो बाबा, आचारी म्हटलं असतं तर त्या सगळ्यांनी तिथल्या तिथे गणपतीचे मोदक तुमच्या गळ्यात घातले असते! तुम्हाला नाही म्हणता येतं का? जन्मात आलंय? हप्त्या हप्त्याला कुणाची मुंज, कुणाचं डोहाळजेवण, आणि तुम्ही उभे." तिने सोललेला बटाटा दणकन पातेल्यात टाकला. "कार्याहून आलात की पाय गरम पाण्याच्या घमेल्यात घालून बसायचात. आई सुजलेले पाय चोळायची. मी तेव्हाच ठरवलं होतं, मोठी झाले की बाबांना उभं राहू द्यायचं नाही. एवढ्यासाठी तर शिकले मी."

माझ्या हातातला बटाटा तसाच राहिला. इतक्या महिन्यांत मी काय काय मनात आणलं होतं! आणि ही पोर माझ्या पायांसाठी माझ्याशी भांडत होती.

"मला उभं राहायला आवडतं गं," मी म्हटलं. "बसून बसून मरायला टेकलो होतो."

"मग हे सांगायचं ना! आरडाओरडा कशाला?"

"तू तरी कुठे सांगितलंस?"

बाईंना भाषा कळत नव्हती, पण त्या स्टुलावरून ओरडल्या, "भांडण नंतर! बटाटे!"

बटाटे गेले, मॅकरोनी गेली, दूध गेलं. पातेली मंद आचेवर एकजीव झाली. आता माझ्या नाकाला पटलं. पण एकदा पोळलेला मी, नाकावर भरवसा किती ठेवू? बाईंनी चमचा पुढे केला. मी नाही म्हटलं. मुलीने त्यांना थांबवलं. बशीत दोन घास वाढले, ओट्यावर बोटाने पाण्याचा चौकोन काढला, कुंडीतलं एक लाल फूल तोडून बशीशेजारी ठेवलं. मी हात जोडले. मॅकरोनीचा नैवेद्य! देवानेही पहिल्यांदाच बघितला असेल. बाईंनीही प्लॅस्टरचा हात छातीशी धरून मान खाली घातली. मग मुलीने बशी उचलली आणि एक घास तोंडात घातला. डोळे मिटले.

मी हातातली पळी खाली ठेवली.

चाळिशीला आलेली माझी इंजिनियर पोर, मोठ्या माणसासारखी मान डोलवून म्हणाली, "बाबा, मीठ बरोबर."

पंगत म्हणावी अशी ती पंगत नव्हती, लोक ओळीने ताटल्या घेऊन उभे. पण मी स्वतः वाढलं. नुकतीच आलेली एक पोरगी ताटली चाटूनपुसून परत रांगेत येऊन उभी राहिली. कांदा सगळ्यांनी मागून मागून घेतला. शेवटी त्यांच्या मंडळाचे म्हातारे अध्यक्ष मोठ्याने म्हणाले, या वर्षी हे कुणी केलं? बाईंनी प्लॅस्टरचा हात माझ्याकडे केला. त्या काही बोलणार, त्याआधी मुलगी पुढे झाली आणि ऐकू जाईल अशा खणखणीत इंग्रजीत म्हणाली, "हे माझे वडील. पुण्याचे आचारी आहेत." टाळ्या वाजल्या. मी पदर नव्हता म्हणून ॲप्रनने डोळे पुसले.

मग तिने मला खुर्चीवर बसवलं, तेवढ्यापुरतं मीही ऐकलं, आणि ताटली समोर ठेवली. आयुष्यात पहिल्यांदा मी स्वित्झर्लंड खाल्लं, तेही लोअर हटमध्ये. चांगलं होतं. खोटं कशाला बोलू? पण आमटीची सर नाही.

बातमी पोरिरुआला पोचायला वेळ लागला नाही. दोन-चार दिवसांनी संध्याकाळी मराठी मंडळाचा फोन आला. मुलीने उचलला. मी सोफ्यावर कान टवकारून. पलीकडून बराच वेळ गोड गोड बोलणं चाललं होतं, त्यात मोदक हा शब्द मला खोलीच्या दुसऱ्या टोकाला ऐकू आला. मुलीने फोनवर हात ठेवला, माझ्या गुडघ्यांकडे बघितलं, मग माझ्या तोंडाकडे. माझ्या तोंडावर काय होतं कुणास ठाऊक. तिने कपाळाला हात लावला आणि हसली.

"हो, हो, माझे बाबा आचारीच आहेत," ती फोनवर म्हणाली. "करतील की. पण पहिला घास माझा. मी सांगितल्याशिवाय कुणी पान वाढायचं नाही."